नेलपॉलिशची रेघ

आयसीयूतले किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. पेशंटच्या उशीखाली जसे अंगारे आणि धागेदोरे साठतात, तसेच. चादर बदलायला घ्यावी तर एखादा हमखास हाती लागतो. माझ्याकडे जरा जास्तच साठले, कारण माझं कामच लिहिण्याचं. फॉर्ममध्ये तापाचा रकाना आहे, कफाच्या रंगाचा आहे, एक्स-रेचा आहे. पण ‘हे बघून मी थक्क झाले’ असं लिहायला एकही रकाना नाही! मग ते सगळं डोक्यातच पडून राहतं.

मी बोईसरच्या एका हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. माहेर केळव्याचं, राहायला पालघरला. नर्स म्हटलं की लोकांना इंजेक्शन आठवतं, पण मी इंजेक्शन देत नाही, मी चुका शोधते. ज्याला स्वतःचा श्वास घेता येत नाही त्याच्या श्वासनळीत नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर ठेवतात. तिथे दोन दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या माणसाला नव्याने न्यूमोनिया झाला, तर तो त्याने घरून आणलेला नसतो, आमच्याकडे झालेला असतो. त्याला आम्ही व्हॅप म्हणतो. ज्या नळीने जीव वाचतो, तीच जंतूंची वाट होते. हा व्हॅप ओळखायचा, नोंदवायचा आणि का झाला ते शोधायचं, हे माझं खातं. साहजिकच मी कुणाला फारशी आवडत नाही!

त्यात माझा आवाज मोठा. आयसीयूच्या दारातूनच मी हाक मारते, “राहू द्या ते, आधी इकडे या!” मुलींनी माझी नक्कल बसवली आहे. मी समोर नसले की ती होते, आणि चांगली होते म्हणे.

*

व्हॅप टाळायचा पहिला नियम अगदी साधा. पेशंटचं डोकं तीस अंश वर हवं. आडवं झोपवलं की तोंडातली लाळ नळीच्या कडेकडेने खाली झिरपते आणि फुफ्फुसात जाऊन बसते. नियम साधा, म्हणूनच तो रोज मोडतो.

मी दारात दिसले की सहाच्या सहा कॉटची डोकी वर व्हायला लागायची. कोर्टात जज आल्यावर उठतात ना, तशी! मी गेले की पुन्हा खाली. मी फॉर्म काढले, तक्ते लावले, ट्रेनिंग घेतलं. फरक शून्य.

मग एक दिवस बघते तर मी आले तरी एकही कॉट हलेना. सगळ्या आधीच वर! वाकून पाहिलं तर प्रत्येक कॉटच्या दांडीवर लाल रेघ. वंदनामावशींनी लेकीच्या नेलपॉलिशने ओढलेली. मावशी आमच्या आयसीयूतल्या आया, सातपाटीकडच्या. वीस वर्षं सकाळची पाळी करतात आणि दुपारी दोनला घरी जातात.

“आता कोनीबी येऊ दे. रेगेपर्यंत उचलायचा, बस!” मावशी म्हणाल्या.

मला राहवेना. मी मोबाइलवर कोन मोजायचं अॅप काढलं आणि कॉटला लावलं. एकतीस अंश!

“मावशी, एक अंश जास्त झालाय हां,” मी म्हटलं. मला चूक सापडल्याशिवाय घास उतरत नाही.

“मुद्दाम ठेवलाय, बाय. मानूस झोपला का खाली सरकताय. तासाभरात तुजे तीस बरोब्बर व्हतात!”

मी मोबाइल पर्समध्ये ठेवला.

*

व्हॅप ओळखणं सोपं नाही. रक्ताच्या तपासणीत दिसेलच असं नाही आणि एक्स-रेचं तर विचारूच नका. एकदा एकच एक्स-रे मी तीन डॉक्टरांना दाखवला. पहिले म्हणाले, नवीन डाग आहे. दुसरे म्हणाले, डाग जुनाच आहे. तिसरे म्हणाले, पेशंट वाकडा झोपलाय, डाग नाहीच. मी हताश होऊन आमच्या सरांकडे गेले. सर म्हणजे आयसीयूचे मुख्य डॉक्टर, एरवी गंभीर माणूस.

“चौथ्याला विचारू नका,” सर म्हणाले, “तो म्हणेल, एक्स-रे कुठाय?”

अशा वेळी सर गुपचूप नलिनीताईंकडे बघतात. नलिनीताई आयसीयूच्या इन्चार्ज. सफाळ्याकडच्या गावात घर आणि भातशेती. बोलणं मोजकं. एकदा राउंडच्या वेळी त्या म्हणाल्या, “सर, तीन नंबरच्या पेशंटला व्हॅप होतोय.” ताप नव्हता. एक्स-रे स्वच्छ. रक्त ठीक. सर म्हणाले, “कशावरून?”

“काल सक्शनला, कफ ओढून काढायला, दर तीन तासांनी जात होते. आज दर तासाला जातेय. कफ काल पांढरा होता, आज कडेला पिवळट आहे. आणि तुम्हीच सकाळी ऑक्सिजन चाळीसचा पन्नास केलात.”

सरांनी चार्ट उलटून पाहिला. त्यांनी स्वतःच तो ऑक्सिजन वाढवला होता आणि विसरले होते! कफ तपासणीला पाठवला. दुसऱ्या दिवशी ताप आला, तिसऱ्या दिवशी एक्स-रेत डाग आला, पण तोवर औषध सुरू होऊन एक दिवस झाला होता. तो माणूस चालत घरी गेला. त्यानंतर सर एक्स-रे पाहण्याआधी विचारतात, “ताई काय म्हणतायत?”

ताईंची आणखी एक सवय होती. पेशंट कितीही बेशुद्ध असो, हात लावण्याआधी त्या त्याला सांगायच्या. “भाऊ, आता तोंड साफ करते हां.” “आजी, कुशीवर वळवते बरं का.” नवीन मुली हसायच्या. खरं सांगायचं तर मीसुद्धा हसायची. इतकं बोलायला वेळ कुठून मिळतो, असं माझ्या मनात यायचं.

*

तारापूरच्या कारखान्यांतली माणसं आमच्याकडे खूप येतात. रामप्रवेश त्यातलाच, बॉयलर सांभाळणारा. त्याचा भाऊ रस्त्यावरच्या अपघातानंतर व्हेंटिलेटरवर होता. भेटायच्या वेळेत रामप्रवेश यायचा, भावाच्या पायाला हात लावायचा आणि मग कॉटच्या पायथ्याशी अडकवलेला चार्ट वाचत बसायचा. बाकी नातेवाईक मशिनकडे बघून रडतात. हा आकडे बघायचा.

एकदा त्याने ड्यूटीवरच्या मुलीला हळूच विचारलं, “सिस्टर, ये दो बजे की रीडिंग है?”

“हां.”

“लेकिन अभी तो डेढ़ बजा है।”

मुलीचा चेहरा उतरला. मी बाजूलाच होते. आता हा आरडाओरडा करणार, तक्रार करणार, आणि करायलाच हवी, असं वाटलं. पण त्याने आवाज आणखी खाली आणला.

“हम भी ऐसे ही भरते थे, सिस्टर। पूरी शिफ्ट की रीडिंग एक साथ, चाय पीते-पीते। फिर एक दिन बॉयलर ने सच बता दिया।”

त्याने शर्टाची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत सगळी कातडी भाजून आवळलेली. मग बाही खाली केली, चार्ट जागेवर अडकवला आणि भावाशेजारी जाऊन बसला.

त्या दिवसानंतर आमच्या आयसीयूत वेळेआधी एकही टिक पडली नाही. पंधरा दिवस तरी नाही! माझ्या दोन तासांच्या ट्रेनिंगचा असर दोन दिवसही टिकत नाही, हे मी मोकळेपणी कबूल करते.

*

मग बोर्ड आला. मॅनेजरसाहेबांची कल्पना. आयसीयूच्या दाराशी पांढरा बोर्ड आणि त्यावर रोज आकडा लिहायचा, व्हॅप न झालेला इतकावा दिवस. मला तो मनापासून आवडला. साठ झाले, सत्तर झाले, नव्वद झाले. शंभराव्या दिवशी केक कापायचा ठरला. त्याच सुमारास हॉस्पिटलची मोठी तपासणी होणार होती, म्हणून मी जोरात होते. एका दुपारी मी सगळ्या मुलींना टेबलाशी बसवून चेकलिस्ट कशी भरायची ते शिकवलं आणि अर्धवट राहिलेले सगळे चार्ट माझ्यासमोर पूर्ण करून घेतले. माझ्या फाइली चकाचक झाल्या होत्या!

त्याच आठवड्यात जानकी आमच्याकडे होती. विक्रमगडच्या बाजूच्या एका पाड्यावरची, तिशीची. आवण, म्हणजे भाताची रोपं, काढून दमलेली बाई जमिनीवर झोपली आणि मण्यार चावली. मण्यार चावलेलं कळतही नाही. सकाळी पोट दुखलं, पापण्या मिटल्या, मान पडली, आणि आमच्याकडे आणेपर्यंत श्वास बंद होत आला होता. तिचा नवरा काळू बाहेरच्या बाकावर बसून राहिला. दोन पोरं घरी आजीजवळ. विष उतरेपर्यंत जानकीला मशिनवर तगवायचं होतं. दुसरं काही मध्ये उपटलं नाही तर ती वाचणार होती, आणि उपटलं तर नाही.

ती पडली होती ती अगदी मेल्यासारखी. हात टाकला की पडायचा. पापणी उचलली तर बुबुळ स्थिर. नवीन आलेले एक डॉक्टर म्हणाले, “मेंदू गेलेला दिसतोय. नवऱ्याला कल्पना द्यायला हवी.”

नलिनीताई म्हणाल्या, “दोन मिनिटं थांबा, डॉक्टर.” त्या तिच्या कानाशी वाकल्या. “जानकी, मी नलिनी. ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलव.”

आम्ही सगळे तिच्या पायाकडे बघत उभे. काहीच नाही. डॉक्टर वळले. आणि अंगठा हलला! जेमतेम दिसेल इतका. ताई म्हणाल्या, “परत एकदा.” परत हलला.

सगळं ऐकत होती ती! मेंदू गेलाय म्हटलेलंही ऐकलं असणार. डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “सॉरी ताई, माझं चुकलं.”

*

पाचव्या दिवशी जानकीला ताप आला. कफ पिवळा झाला, ऑक्सिजन वाढवावा लागला. एक्स-रेत उजवीकडे खाली डाग. बोर्डावर त्या दिवशी अठ्ठ्याण्णव होते.

मॅनेजरसाहेब आयसीयूत आले. माणूस वाईट नाही, पण त्यांनी केकची ऑर्डर देऊन ठेवली होती. “नोंद दोन दिवसांनी केली तर? औषध आजच सुरू करा की. फक्त नोंद!”

मी लगेच नाही म्हटलं असं लिहायला मला आवडेल. पण मी एक्स-रे पुन्हा उजेडाकडे धरला. डाग जुना आहे असं म्हणता येईल का, ते बघत होते. म्हणता आलं असतं. तीन डॉक्टरांतल्या एकाने नक्की म्हटलं असतं.

तेवढ्यात वंदनामावशी पुसायचं फडकं घेऊन आल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या काळूला पाणी देऊन आल्या होत्या. त्यांनी बोर्डावरचे अठ्ठ्याण्णव पुसले, माझ्या खिशातलं मार्कर काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “शून्य काड, बाय. मना नीट काडता येत नाय.”

मी शून्य काढलं.

केकची ऑर्डर रद्द करता आली नाही. ‘१०० दिवस’ असं गुलाबी क्रीममध्ये लिहिलेला भलामोठा केक पालघरहून आला, तेव्हा बोर्डावर दोन होते. कुणी हात लावेना. शेवटी मावशींनीच सुरी घेतली. “केकाला काय कलताय कितवा दिस हाय तो!”

सरांनी कारण शोधायला सांगितलं. मी चार्ट उपसले. तोंडाची सफाई वेळेवर, टिक. डोकं तीस अंश वर, दर तासाला टिक. हात धुणं, टिक. एकही जागा रिकामी नाही! दुपारच्या पाळीच्या मुलींना मी चांगलं झापलं, “कुणीतरी काहीतरी चुकवलंय, त्याशिवाय होत नाही!” त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. मी फाइलमधला कारणाचा रकाना रिकामा ठेवला.

दरम्यान जानकी तापाने फणफणत होती. ताई दर तासाला तिच्या कानाशी काहीतरी बोलत होत्या. काळू बाकावरून हलत नव्हता. कफाचा रिपोर्ट आला तसं सरांनी औषध बदललं. चौथ्या दिवशी ताप उतरला. मग पापण्या उघडल्या. मग मान सावरली. मशिनवरून काढलं तेव्हा सरांनी चष्मा पुसायचं निमित्त काढलं.

*

डिस्चार्जच्या दिवशी मी फाइल घेऊन जानकीकडे गेले. ती वॉर्डात कॉटवर मांडी घालून बसली होती आणि काळू पिशवी भरत होता. नळीमुळे तिचा आवाज अजून घोगरा होता. ती सगळ्यांना अरेतुरेच करायची, सरांनासुद्धा. त्या भागातली माणसं तशीच बोलतात, त्यात आदर कमी नसतो.

“काही त्रास झाला का गं इथे?” मी नेहमीच्या फॉर्मवरचा प्रश्न विचारला.

“येक दीस झाला,” जानकी म्हणाली.

मी पेन उघडलं. “कधी?”

“आल्याचा तिसरा दीस. दुपारचा. ती मावशी घरी जायाची तवा मना सांगून जायाची, ‘जाते गं पोरी.’ ती गेली, त्याच्या मागनं.”

“काय झालं?”

“ताई बोलली, जानकी, चादर बदलते हां, तुना आडवी करते. मना आडवी केली. डोका खाली. मंग येकदम सगल्या गेल्या.” तिने थुंकी गिळली. “तोंडात पानी साचला. घशातशी आत उतराला लागला. मना कलत व्हता. मी आतल्या आत वरडत व्हती. आंगठा हलवला, लय हलवला. पन पायाकडं कोन बघल?”

काळू पिशवी भरायचा थांबला होता.

“किती वेळ?” मी विचारलं.

“लय येळ. तिकडं टेबलाकडं सगल्या बसलेल्या. कागूद भरा, कागूद भरा चाललेला. मंग कोनीतरी येऊन उचलला. काय बोलला नाय.”

“पण अशा अर्ध्यावर सोडून गेल्या कशा? चादर तरी पुरी करायची!”

“ताई बोलली व्हती, येवडी चादर करते न् येते. पन दारातशी येक बाय वरडली ना.” जानकीने त्या बाईची नक्कल केली. घोगऱ्या आवाजातसुद्धा ती हुबेहूब होती. “‘राहू द्या ते, आधी इकडे या!’”

मांडीवर फाइल उघडी होती. कारणाचा रकाना कोरा होता आणि त्यावर माझं पेन टेकलेलं होतं.

जानकी माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग पेनाकडे.

“लिव ना, बाय,” ती म्हणाली. “थांबलीस कशाला?”